पानगळीआधीच बर्फ पडला तर: छोट्या हंगामातली बाग कशी वाचते

५ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पारा ३८ अंश सेल्सिअसवर गेला होता. तीनच दिवसांनी, ८ सप्टेंबरला, त्याच शहरात बर्फ पडत होता. त्याआधी २०१४ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत ८ ते १० सप्टेंबरच्या दरम्यान असाच ओला, जड बर्फ पडला. झाडांवर अजून सगळी पानं हिरवी होती. पानांवर साठलेल्या बर्फाचं ओझं न पेलवून शहरभर फांद्या मोडून पडल्या.

अशा बातम्यांत किती सेंटीमीटर बर्फ पडला, तो आकडा ठळक छापलेला असतो. बाग असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा आकडा दुय्यम आहे. बर्फ कोरडा होता की ओला, पडून गेल्यावर आकाश ढगाळ राहिलं की निरभ्र झालं, आणि त्या रात्री जमिनीलगतचं तापमान कुठवर उतरलं, या तीन गोष्टींवर बागेचं नशीब ठरतं. बर्फ स्वतः झाडं फारशी मारत नाही. त्याचं वजन त्यांना मोडतं, आणि त्याच्या मागून येणारी निरभ्र रात्र त्यांना मारते. हा फरक कळला की काय झाकायचं, काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणं सोपं होतं.

छोटा हंगाम म्हणजे नेमकं काय

वसंतातली शेवटची गोठणारी रात्र आणि शरदातली पहिली गोठणारी रात्र, यांच्यामधले दिवस म्हणजे वाढीचा हंगाम. उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत आणि उंच डोंगरांवर हा काळ शंभर दिवसांच्या आसपास असतो, काही ठिकाणी त्याहूनही कमी.

मात्र नुसते दिवस मोजून चालत नाही. वनस्पतीला दिवस कळत नाहीत, तिला ऊब कळते. म्हणून जाणकार 'अंश-दिवस' मोजतात. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची आणि तीतून दहा वजा करायचे, कारण उष्णतेची आवड असलेली बरीच पिकं दहा अंशांच्या खाली जवळजवळ वाढतच नाहीत. कमाल ३० आणि किमान १८ असलेला दिवस १४ अंश-दिवस देतो. कमाल २२ आणि किमान ६ असलेला दिवस फक्त ४ देतो. म्हणजे उबदार प्रदेशातला एक दिवस थंड प्रदेशातल्या साडेतीन दिवसांच्या तोडीचा आहे. बियाण्याच्या पाकिटावर 'सत्तर दिवसांत तयार' असं लिहिलेलं पीक थंड जागी नव्वद दिवसांतही का तयार होत नाही, याचं उत्तर या हिशेबात आहे.

उत्तरेकडच्या छोट्या हंगामाची भरपाई निसर्ग दुसऱ्या बाजूने करतो. तिथे उन्हाळ्यात दिवस फार लांब असतात. अलास्कातल्या पामर इथल्या जत्रेत २०१२ साली कोबीचा एक गड्डा ६२ किलोंहून जास्त भरला होता. कोबीला थंडावा आवडतो आणि एकोणीस तासांच्या उजेडाचा ती पुरेपूर फायदा घेते. पालकाला मात्र हाच उजेड बाधतो, कारण लांब दिवसांत तो लवकर तुऱ्यावर येतो आणि पानं देणं थांबवतो. छोट्या हंगामात पीक निवडताना दिवस, ऊब आणि उजेड या तिन्हींकडे बघावं लागतं.

'पहिल्या गोठणीची तारीख' या शब्दांचा अर्थ

हवामान खात्यांच्या तक्त्यांत पहिल्या गोठणीची सरासरी तारीख दिलेली असते. समजा ती १५ सप्टेंबर आहे. त्याचा अर्थ १५ सप्टेंबरपर्यंत बाग सुरक्षित आहे असा बरेच जण घेतात. ढोबळमानाने बघितलं तर दोन वर्षांतून एकदा गोठण त्या तारखेच्या आधीच येते. नाणं उडवून छापा-काटा करण्याइतकाच हा भरवसा आहे. तक्त्यात 'दहा टक्के शक्यता' असलेली तारीख दिली असेल तर नियोजनासाठी तीच धरावी, कारण दहा वर्षांत सरासरी एकदाच गोठण तिच्या आधी येते.

पेरणीची शेवटची तारीख या तारखेपासून उलटी मोजतात. जमिनीलगत वाढणारा घेवडा ५५ दिवसांत तयार होतो असं धरू. शरदाकडे झुकताना दिवस लहान होतात आणि रात्री गार होतात, त्यामुळे वाढ मंदावते, म्हणून आणखी १४ दिवस घ्यायचे. शेंगा एका दिवसात तोडून संपत नाहीत, तोडणीसाठी अजून १४ दिवस. एकूण ८३ दिवस झाले. १५ सप्टेंबरपासून ८३ दिवस मागे गेलं की २४ जून येतो. जुलैत पेरलेल्या घेवड्याला फुलं येतील, शेंगा धरतील, आणि नेमक्या तेव्हाच रात्री गोठू लागतील.

इथे एक घोळ नेहमी होतो. गाजर, घेवडा, बीट यांचे पाकिटावरचे दिवस पेरणीपासूनचे असतात. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचे दिवस मात्र रोप वाफ्यात लावल्यापासूनचे असतात. ते रोप घरात वाढवायला टोमॅटोला सहा ते आठ आठवडे लागतात आणि मिरचीला आठ ते दहा. साठ दिवसांचा टोमॅटो म्हणजे बी टाकल्यापासून जवळजवळ चार महिन्यांचा टोमॅटो. हे आठवडे हिशेबात न धरल्यामुळेच दर वर्षी कित्येक वेली हिरव्या फळांनी भरलेल्या अवस्थेत बर्फाखाली सापडतात.

थंडी झाडाला मारते कशी

पानातलं पाणी शुद्ध नसतं. त्यात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते शून्यावर गोठत नाही, थोडं खाली जाऊन गोठतं. बर्फाचे कण आधी पेशींच्या मधल्या पोकळीत तयार होतात. हे कण पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतात आणि पेशी आतून कोरडी पडत जाते. गोठण हलकी असेल आणि वनस्पती काटक असेल तर सकाळी ते पाणी पुन्हा आत शिरतं आणि पान ताठ होतं. नाजूक वनस्पतीत पेशीचा पडदाच फाटतो. ऊन चढलं की पान काळपट, ओलसर आणि लिबलिबीत होऊन लोंबतं. ते पुन्हा उभं राहत नाही.

गोठण सुरू होण्यासाठी एखादा कण किंवा खडबडीत जागा लागते, जिच्यावर पहिला स्फटिक बसेल. पानांवर राहणारे काही जिवाणू, विशेषतः स्यूडोमोनास सिरिंजी, हे काम फार चोख करतात. ते असतील तर उणे दोन अंशांच्या आसपासच गोठण सुरू होते, नसतील तर पान त्याहून खालीही काही काळ न गोठता राहू शकतं. एकाच वाफ्यातली दोन रोपं एकाच रात्री वेगवेगळी वागतात त्यामागे असली कारणं असतात.

अचानकपणा हा तिसरा घटक. वनस्पती थंडीसाठी तयारी करते. दिवस लहान होत जातात, रात्री हळूहळू गार होतात, तशी ती पेशींत साखर साठवते, पेशींचे पडदे बदलते, कोवळी वाढ थांबवते. ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात. हळूहळू सरावलेलं पालकाचं रोप उणे आठ-नऊ अंशही सोसतं, पण उन्हाळी उकाड्यातून थेट उणे चारमध्ये आलेलं तेच रोप होरपळतं. लवकर येणारा बर्फ धोकादायक असतो तो या कारणाने. तारीख तो आकडा झाला, खरी अडचण ही की झाडाची तयारी झालेली नसते.

याच कारणासाठी उन्हाळा संपत आला की नत्राचं खत आणि जोरदार छाटणी दोन्ही थांबवावी, पहिल्या गोठणीच्या सहा ते आठ आठवडे आधीच. दोन्हींमुळे कोवळी पालवी फुटते, आणि थंडीत पहिला बळी तिचाच जातो.

मग बर्फाचं काम काय?

ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवेचा असतो. गोधडी ऊब तयार करत नाही, आत अडकलेल्या हवेमुळे अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. बर्फाचंही तसंच आहे. सप्टेंबरात जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. पंधरा-वीस सेंटीमीटर मोकळा बर्फ वर असला तर खालची माती आणि तिला चिकटून असलेली पानं शून्याच्या आसपासच राहतात, वर हवा कितीही गार झाली तरी. पालक, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), लहान कोबी, गाजर यांच्यावर बर्फ पडला तर तो झटकू नये. तेच त्यांचं पांघरूण.

ही गोधडी जमिनीची ऊब खाली अडवते, म्हणजे वरच्या हवेला ती मिळत नाही. वर ढग असतील तर ते छपरासारखे उष्णता परत पाठवतात. बर्फ पडत असतानाच्या रात्री म्हणूनच बहुधा शून्याच्या अवतीभवती राहतात. दुसऱ्या दिवशी आकाश निवळतं. पांढरा बर्फ दिवसा ऊन परतवतो, त्यामुळे दुपारी फारशी ऊब साठत नाही. रात्री वर छप्पर नाही, खालून शेगडी बंद. पारा झपाट्याने उतरतो आणि बर्फातून वर डोकावणारे शेंडे त्या रात्री करपतात. बर्फ थांबला म्हणून लोक झाकण काढून टाकतात ते नेमकं याच संध्याकाळी, आणि पीक जातं ते त्याच रात्री. झाकणं कधी काढायची याचा निर्णय बर्फ थांबण्यावर सोडू नका. निरभ्र रात्र पार पडेपर्यंत ती राहू द्या.

अंदाजात 'किमान ३ अंश' असं असलं तरी गाफील राहू नये. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून दोन ते चार अंश कमी असू शकतात. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. उतारावरची बाग वाचते आणि तळाशी, भिंतीआड किंवा ही वाहती हवा अडवणाऱ्या दाट कुंपणाच्या वरच्या बाजूला असलेली बाग जाते. एक साधा कमाल-किमान तापमापक वाफ्यात, पानांच्या उंचीवर ठेवला तर दोन-तीन हंगामांत आपल्या बागेचा आणि अधिकृत आकड्याचा फरक नक्की कळतो. बागेसाठी याच्याइतकी उपयोगी खरेदी क्वचितच असेल.

काय काढायचं, काय ठेवायचं

गोठणीचा इशारा मिळाला की सगळी बाग उपटायची नसते. कोण किती थंडी सोसतं ते ओळखून काम करायचं.

बेसिलला, म्हणजे तुळशीच्या जातीच्या त्या नाजूक झाडाला, गोठणही लागत नाही, दहा अंशांखालीच त्याची पानं डागाळतात. ते सर्वांत आधी काढावं. काकडी, घेवडा, ढोबळी मिरची, मका यांना शून्य म्हणजे शेवट, म्हणून काढण्याजोगं सगळं काढून घ्यावं. लाल भोपळ्याची वेल मेली तरी फळ लगेच जात नाही. पण सालीला गोठण लागली की ते साठवणीत टिकत नाही, म्हणून पाच ते दहा सेंटीमीटर देठ ठेवून कापावं. देठाला धरून उचलू नये. तो मोडला तर तिथूनच कूज शिरते.

लेट्यूस उणे दोन-तीनपर्यंत तग धरतं. वाटाण्याचा पाला काटक असतो, पण फुलं आणि शेंगा नाजूक. केल, ब्रसेल्स स्प्राउट्स (कोबीचे छोटे गड्डे), पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंदमूळ) आणि गाजर यांना तर हलकी थंडी हवीच असते. थंडीला तोंड देताना त्यांच्यात पिष्टाची साखर होते. ती साखर गोठणबिंदू खाली आणते, आणि खाणाऱ्याला गोडवा देते. ही पिकं घाईने काढणं म्हणजे त्यांची सर्वांत चांगली चव वाफ्यातच गमावणं.

बटाट्याचा पाला काळा पडला तरी घाबरायचं कारण नाही. कंद मातीखाली सुरक्षित असतात. पाला मेल्यावर ते दोन आठवडे जमिनीतच राहू द्यावेत, तेवढ्यात साल घट्ट होते आणि साठवण टिकते. फक्त माती गोठायच्या आत ते बाहेर यायला हवेत, कारण बटाटा उणे एक अंशाच्या आसपासच गोठतो. उघड्यावर आलेले कंद मातीने झाकावेत. उजेडात हिरवे झालेले बटाटे कडू आणि विषारी असतात.

गोठलेल्या पानांना सकाळी हात लावू नये. त्या वेळी पान काचेसारखं ठिसूळ असतं, बोटांच्या दाबाने पेशी फुटतात आणि तिथे काळा डाग उमटतो. ऊन लागून पान मऊ होऊ द्यावं आणि मग तोडावं. काटक पिकं दुपारपर्यंत पूर्ववत होतात.

हिरव्या टोमॅटोचं करायचं काय

छोट्या हंगामातल्या बागायतदाराचा हा दरवर्षीचा प्रश्न आहे. फूल उमलल्यापासून फळ पूर्ण आकाराचं व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि लाल व्हायला त्याहून पुढे तेवढेच. म्हणून पहिल्या गोठणीच्या पाच-सहा आठवडे आधी वेलीचा शेंडा खुडावा आणि नवी फुलं काढून टाकावीत. त्या फुलांचं फळ पिकणार नसतं, ती फक्त आधीच्या फळांच्या वाट्याचा रस पितात. फुलं खुडणं जिवावर येतं खरं, पण याच्याने बाकीची फळं वेळेत भरतात.

बर्फाच्या आदल्या दिवशी सगळी फळं काढा. कोणती पिकतील ते ओळखायला एक फळ आडवं कापून बघा. बियांभोवती गर लिबलिबीत झाला असेल आणि सुरीखाली बी न कापता सरकून जात असेल, तर त्या आकाराची आणि रंगाची बाकीची फळं पिकतील. बी कापलं गेलं तर फळ अपुरं आहे, त्याची भाजी किंवा लोणचं करावं.

पिकण्यासाठी उजेड लागत नाही. खिडकीत ठेवलेली फळं बहुधा सुकतात किंवा एका बाजूने तापतात. फळं कोरडी करून, एकमेकांना न टेकवता, एका थरात खोक्यात ठेवावीत. २१ अंशांना ती साधारण दोन आठवड्यांत पिकतात, १३ अंशांना जवळपास चार. सगळी एकदम नको असतील तर दोन खोकी दोन ठिकाणी ठेवा. १० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. फ्रिजमध्ये ठेवलेलं हिरवं फळ पुढे उबेला आणलं तरी नीट रंगत नाही, चवही येत नाही. लवकर हवी असतील तर सोबत एक पिकलेलं केळ किंवा सफरचंद ठेवावं. त्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि फळांना पिकायची सूचना मिळते. दर दोन दिवसांनी खोकं तपासून नरम पडलेलं फळ बाहेर काढावं.

एक इशारा महत्त्वाचा आहे. गोठून मेलेल्या वेलीवरचे टोमॅटो हवाबंद बाटल्यांत साठवू नयेत. त्यांचा आंबटपणा कमी झालेला असू शकतो, आणि बाटलीबंद टोमॅटो सुरक्षित राहतो तो आंबटपणामुळेच.

झाकायचं कसं, आणि झाकूनही झाडं का मरतात

झाकणाचं काम जमिनीतून वर येणारी ऊब अडवणं हे आहे. म्हणून ते चारही बाजूंनी जमिनीपर्यंत पोचलं पाहिजे, कडांवर माती, विटा किंवा दगड ठेवून. झाडाच्या डोक्यावर चादर टाकून ती खोडाशी बांधली तर खालून येणारी सगळी ऊब बाहेरच राहते. झाडाला टोपी मिळते, शेगडी मात्र मिळत नाही. झाकण दुपारी, माती उबदार असतानाच घालायचं. अंधार पडल्यावर घातलं तर अडवायला फारसं काही उरलेलं नसतं.

बागेसाठी मिळणारं पातळ, विणीविना बनवलेलं पांढरं कापड सर्वांत सोयीचं. चौरस मीटरला १७ ते २० ग्रॅम वजनाचं कापड एक-दोन अंशांचं संरक्षण देतं, ३० ग्रॅमचं दोन-तीन अंशांचं, ५० ग्रॅमचं चारच्या आसपास. जाड कापड उजेड जास्त अडवतं, म्हणून ते रात्रीपुरतंच ठेवावं. जुन्या चादरीही चालतात, पण त्या भिजल्या की जड होतात. प्लास्टिक पानाला टेकलं तर टेकलेली जागा हमखास करपते, कारण बाहेरचा गारवा त्यातून थेट पानात उतरतो. प्लास्टिकच वापरायचं असेल तर ते कमानींवर ताणावं आणि सकाळी ऊन आलं की उघडावं. बंद प्लास्टिकखाली तासाभरातच भट्टी होते.

बर्फाचा इशारा असेल तेव्हा गोठणीपेक्षा वजनाचा विचार आधी करावा लागतो. कोरडा बर्फ दहा सेंटीमीटर साठला तर चौरस मीटरमागे पाच ते दहा किलो भरतात. सप्टेंबरातला बर्फ बहुधा ओला असतो, आणि तेवढ्याच थराचे वीस ते तीस किलो होतात. तीन चौरस मीटरच्या झाकणावर साठ ते नव्वद किलो, म्हणजे एखादा धडधाकट माणूस वाफ्यावर आडवा झाल्यासारखं. दीड मीटर अंतरावर लावलेल्या पातळ कमानी याखाली झोपतात आणि झाकणच रोपं चिरडतं. कमानी ६० सेंटीमीटरवर घ्याव्यात, माथ्यावरून एक काठी किंवा दोर लांबीने ताणून बांधावा, आणि पाच-सहा सेंटीमीटर थर झाला की झाडूने आतून हलकेच ढकलून बर्फ खाली सरकवावा. एकट्या रोपासाठी उलटी बादली किंवा पुठ्ठ्याचं खोकं वर वीट ठेवून पुरतं, फक्त पुठ्ठा भिजून खाली बसायच्या आत काढायला हवा.

झाकणाखाली पाणी भरलेले कॅन ठेवले तर खरोखर फायदा होतो. वीस लिटर पाणी १५ अंशांवरून शून्यावर येताना साधारण १,२६० किलोज्यूल उष्णता सोडतं. तेच पाणी पूर्ण गोठेपर्यंत आणखी ६,६८० किलोज्यूल सोडतं, पाच पटींहून जास्त. कॅनमध्ये बर्फ धरू लागला म्हणजे उपाय फसला असं वाटतं, पण त्याचं मोठं काम तेव्हाच सुरू झालेलं असतं. अर्थात हे सगळं झाकणाच्या आत. उघड्या वाफ्यात ठेवलेला कॅन फक्त आकाश तापवतो. जुन्या पद्धतीच्या, हाताला गरम लागणाऱ्या दिव्यांची माळ झाकणाखाली लावली तरी एक-दोन अंश मिळतात. एलईडीची माळ मात्र उबेसाठी निरुपयोगी आहे.

पाणी घालावं की नाही?

'थंडीत पाणी घातलं तर झाड आणखी गारठेल' ही शंका रास्त वाटते, पण माती आणि पानं यांत फरक करायला हवा. आदल्या दिवशी सकाळी मातीला पाणी द्यावं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि ती रात्री हळूहळू सोडते. पानं भिजवू नयेत.

फळबागांत रात्रभर फवारा चालू ठेवून गोठण टाळतात, त्यामागेही पाणी गोठताना उष्णता सोडतं हेच तत्त्व आहे. मात्र तो फवारा सकाळी बर्फ वितळेपर्यंत अखंड चालावा लागतो. मध्यरात्री पंप थांबला तर ओल्या पानांवरून बाष्पीभवन होतं आणि झाड न भिजवलेल्या झाडापेक्षाही गार पडतं. घरच्या नळीने हे करायला जाऊ नये. सकाळी गोठलेल्या पानांवर पाणी मारल्याने फाटलेल्या पेशीही सांधल्या जात नाहीत.

फांद्या वाकल्या असतील तर

बर्फ पडत असताना किंवा थांबल्याबरोबर झाडू घेऊन फांदीच्या खालून वर हलकेच उचलत बर्फ सोडवावा, आधी खालच्या फांद्यांचा, मग वरच्या. वरून आपटलं किंवा झाड गदागदा हलवलं तर थंडीने ताठ झालेलं लाकूड तडकतं. फांदीवर काचेसारखा घट्ट बर्फ बसला असेल तर त्याला हातच लावू नये, तो आपोआप वितळू द्यावा. वाकलेल्या फांद्या बहुतेकदा काही दिवसांत उभ्या राहतात, त्यांना लगेच ओढून बांधू नये. विजेच्या तारांजवळची फांदी स्वतः हाताळू नये.

मोडलेली फांदी खोडाशी जिथे फुगीर कडं असतं, त्याच्या जरासं बाहेर स्वच्छ कापावी. खुंट ठेवू नये आणि ते कडंही कापू नये, कारण जखम भरून आणणाऱ्या पेशी त्यातच असतात. वर रंग किंवा डांबर फासायची गरज नाही. त्याने ओल आत कोंडते.

पृथ्वी तापतेय, मग हे सगळं कशाला?

हंगाम खरोखर लांबला आहे. अलास्का आणि हवाई वगळता उर्वरित अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो सरासरी दोन आठवड्यांहून अधिक वाढला. पण ही सरासरी आहे. एखाद्या सप्टेंबरात उत्तरेकडची गार हवा खाली उतरायची ती उतरतेच. उबदार शरदाचा दुसरा परिणाम असा की झाडं उशिरापर्यंत कोवळी राहतात, त्यांची तयारी सुरूच झालेली नसते, आणि तशातच थंडीची एखादी लाट आली तर नुकसान जास्त होतं. लांबलेल्या हंगामावर विसंबून उशिरा तयार होणारे वाण लावायचे असतील तर झाकणाचं कापड आधी हाताशी असू द्या.

एक-दोन रात्रींसाठी एवढा खटाटोप?

लवकर आलेल्या बर्फानंतर हवा बहुतेकदा पुन्हा उबदार होते, आणि दोन-तीन आठवडे चांगलं ऊन मिळतं. दोन रात्री सांभाळल्या तर टोमॅटो, मिरची, फुलझाडं यांना ते सगळे दिवस मिळतात. शंभर दिवसांच्या हंगामात वीस दिवस म्हणजे पाचवा हिस्सा. मात्र रात्रीचं तापमान सलग दहाच्या खाली राहू लागलं असेल आणि दिवसही पंधराच्या वर जात नसेल, तर वेल जिवंत ठेवून फळं पिकत नाहीत. अशा वेळी झाकण्याचे कष्ट काटक पिकांवर घालवावेत आणि नाजूक पिकं काढून घ्यावीत.

बर्फ वितळल्यावर वाफ्यात पाय ठेवायची घाई करू नका. चिखल झालेली माती पायाखाली दाबली गेली की तिच्यातली हवा निघून जाते आणि वसंतापर्यंत ती तशीच घट्ट राहते. मूठभर माती दाबून बघावी. गोळा बोटाने सहज फुटला तर काम सुरू करायला हरकत नाही. डेलियाची पानं काळी पडली असतील तर खोड दहा-पंधरा सेंटीमीटरवर कापून कंद उचलावेत आणि ४ ते १० अंशांत, अंधारात, किंचित दमट भुशात ठेवावेत.

लसूण लावायला हाच काळ योग्य. माती हिवाळाभरासाठी गोठायच्या चार ते सहा आठवडे आधी पाकळ्या टोक वर करून, पाच सेंटीमीटर खोल आणि पंधरा सेंटीमीटर अंतरावर लावाव्यात. एवढ्या वेळात मुळं धरतात आणि कोंब बहुधा मातीतच थांबतो. त्यावर दहा-पंधरा सेंटीमीटर पेंढा पसरावा. बहुवर्षायू फुलझाडांवर मात्र असं आच्छादन लगेच घालू नये. माती अजून उबदार असताना पेंढा घातला तर उंदीर त्यात घर करतात आणि हिवाळाभर साली कुरतडतात. माती वरून टणक झाली, फावडं टेकवल्यावर खणखणीत आवाज आला, की पेंढा घालावा. त्या पेंढ्याचं काम मातीला उबदार ठेवणं हे नसतं. मधूनमधून पडणाऱ्या उन्हाने माती वितळून पुन्हा गोठू नये आणि त्या हालचालीत मुळं वर उचकटली जाऊ नयेत, यासाठी तो असतो.